जिंकलेल्यांची परीक्षा

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांकडे संशयाने पाहण्याची खोड लागते. ‘एकदा’ हा आपल्या गोष्टींतला असाच एक संशयास्पद शब्द आहे. एकदा काय झाले, एक राजा होता. त्याने पण लावला. दूरदेशीच्या एका गरीब पोराने तीन कोडी सोडवली. त्याला अर्धे राज्य आणि राजकन्या मिळाली. संपली गोष्ट! आजीने कंदील बारीक केला, आपण पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले आणि झोपी गेलो. पण समजा, त्याच राजाने पुढच्या वर्षी निरोप धाडला, की “जावईबापू, पण पुन्हा लावला आहे. कोडी नवी आहेत. शिवाय शेजारच्या चौदा राज्यांत ज्यांनी ज्यांनी असे पण जिंकले, ते सारे येणार आहेत. आपणही यावे.” मग काय होईल? जावईबापू जातील, की पोटदुखीचे निमित्त सांगतील? आणि गेले, तर ती तीन कोडी सोडवणारे पोर त्यांच्यात अजून शिल्लक असेल काय?

आपल्या कहाण्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. तो विचारला अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने, आणि गेली चाळीस वर्षे तो हा प्रश्न विचारीत आला आहे. कार्यक्रमाचे नाव ‘जेपर्डी’. जेपर्डी म्हणजे धोका, संकट. आता प्रश्नमंजूषेला असे नाव कोणी ठेवावे? पण त्याची जन्मकथा ऐकली, की नाव पटते.

1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांची मोठी लाट आली होती. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या एका कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा तरुण आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. हा कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, म्हणजे माझ्याच जातकुळीतला माणूस. घराघरांतून त्याचे कौतुक झाले. ज्ञानाला शेवटी बरे दिवस आले असे लोकांना वाटले. आणि 1959 साली त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले, की उत्तरे मला अगोदरच पुरवली जात होती! सारा देश हबकला. पुढे काही वर्षांनी मर्व्ह ग्रिफिन हा गृहस्थ नव्या कार्यक्रमाच्या विचारात होता. पण प्रश्नोत्तरांवर आता कोण विश्वास ठेवणार, अशी त्याची विवंचना. तेव्हा त्याच्या पत्नीने, जुलिअनने, गमतीने सुचवले, की उत्तरे आधी दिली म्हणून ओरड आहे ना, मग तुम्ही उघडउघड उत्तरेच द्या आणि लोकांना प्रश्न शोधू द्या! 1964 साली कार्यक्रम सुरू झाला आणि तीच उलटी रीत आजही चालू आहे. सूत्रधार उत्तर वाचतो, खेळणाऱ्याने प्रश्न विचारायचा. घरच्या माणसाने गमतीत म्हटलेले कधीकधी किती टिकते पाहा. अर्थात हे मी आमच्या घरात मोठ्याने बोलत नाही.

या खेळात एका वेळी तिघे उभे असतात. जो जिंकेल तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळतो. हरेल तो घरी जातो. 2003 पर्यंत असा नियम होता, की पाच दिवस जिंकलात की सन्मानाने निवृत्त व्हा. पण निवृत्त झालेल्या या पंचदिवसीय वीरांचे करायचे काय? त्यावर उपाय निघाला: विजेत्यांची स्पर्धा. पंधरा विजेते बोलवायचे. पाच सामने झाले की पाच विजयी आणि हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुण मिळवलेले चार असे नऊ पुढे जायचे. नवांचे तीन, आणि तिघांचा एक. 1985 साली विजेत्याला एक लाख डॉलर मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? शाळेत पहिल्या आलेल्यांची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तसेच हे. नाही, तसे नाही. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलाला पुढे काहीतरी मिळवायचे असते. इथे आलेल्या माणसाने मिळवायचे ते मिळवलेले असते. गावात त्याचे नाव झालेले असते, नातेवाइकांनी लग्नकार्यांत ओळख करून देताना तो विजय दहा वेळा सांगितलेला असतो. पहिल्यांदा येतो तेव्हा हरला तरी त्याचे काही जात नाही. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जाण्यासारखे पुष्कळ असते.

आणि त्यातून आणखी एक अडचण. पहिल्या वेळी तुमचे ज्ञान हे तुमचे शस्त्र असते, कारण शेजारच्याला ते नसते. विजेत्यांच्या स्पर्धेत तिघांनाही उत्तर येत असते! मग ठरते कशावर? अंगठ्यावर. सूत्रधाराचे वाचन पूर्ण होऊन दिवा लागेपर्यंत बटण दाबायचे नाही. आधी दाबले तर ते पाव सेकंद बंद पडते, आणि त्या पाव सेकंदात शेजारचा उत्तर देऊन मोकळा होतो. उशीर केला तरी तेच. आपल्याकडच्या मैफलीत समेवर येणे म्हणतात ना, तशातला हा प्रकार. राग तिघांनाही ठाऊक आहे, तालही ठाऊक आहे. पण नेमका समेवर कोण उतरतो ते पाहायचे.

केन जेनिंग्ज या माणसाची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. पाच दिवसांचा नियम उठल्यावर 2004 साली तो ओळीने 74 सामने जिंकला आणि पंचवीस लाख डॉलरांच्या वर कमाई झाली. अखेर नॅन्सी झर्ग नावाच्या एका बाईंनी त्याला हरवले. आणि त्या बाई दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या! हिमालय चढून आलेल्या माणसाने घरच्या उंबऱ्याला ठेचकाळावे, तसे झाले. पुढच्याच वर्षी, 2005 साली, कार्यक्रमाने सगळ्या काळातल्या विजेत्यांची एक महास्पर्धा घेतली. 145 विजेते होते. जेनिंग्जला थेट अंतिम फेरीत बसवले होते. आणि त्याला हरवले ते ब्रॅड रटर या तरुणाने, ज्याला 2000 साली जुन्या नियमाने पाच दिवसांतच निवृत्त केले होते. जेनिंग्जने तो पराभव पंधरा वर्षे बाळगला. 2020 साली सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी पुन्हा बोलावले तेव्हा तो पुन्हा गेला, आणि जिंकला. मधल्या काळात, 2011 साली, या दोघांनाही एका यंत्राने हरवले होते, तो अपमान वेगळाच. यंत्राला म्हणे अंगठा नव्हता, पण बटण मात्र वेळेवर दाबता येत होते.

हे सगळे मला आज आठवण्याचे कारण एक आडनाव आहे. योगेश राऊत. आता राऊत म्हटले की आमच्या चंद्रपूरकडे कान टवकारतात. इथे ज्या गल्लीत एकही राऊत नाही ती गल्ली शोधावी लागेल. हे योगेश राऊत अमेरिकेतले. 2023 च्या जानेवारीत ते या कार्यक्रमात तीन सामने जिंकले आणि चौथ्यात हरले. तीन विजय म्हणजे वाईट नव्हेत, पण विजेत्यांच्या स्पर्धेचे दार उघडायला सहसा पाच लागतात. त्यांची गोष्ट तिथेच संपायची. पण त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले आणि संप जवळजवळ पाच महिने चालला. प्रश्न लिहिणारेच कामावर नाहीत! मग कार्यक्रमाने ठरवले, की नव्या लोकांना जुने प्रश्न देणे बरे नव्हे. त्यापेक्षा पूर्वी थोडेसेच जिंकून गेलेल्यांना पुन्हा एक संधी देऊ. त्या मागच्या दाराने राऊत आत आले. तिथे जिंकले म्हणून विजेत्यांच्या स्पर्धेत पोहोचले. 2024 च्या मार्चमध्ये, पाच-पाच आणि त्याहून अधिक सामने जिंकलेल्यांना मागे टाकून, त्यांनी तीही स्पर्धा जिंकली आणि अडीच लाख डॉलर मिळवले. त्याहून वरच्या, निवडक विजेत्यांच्या स्पर्धेत ते त्या वर्षी दुसरे आले, आणि 2025 साली पहिले.

मला या गोष्टीत त्यांच्या बुद्धीपेक्षा त्या दाराचे अधिक अप्रूप वाटते. बुद्धी 2023 च्या जानेवारीतही तीच होती. चौथ्या सामन्यात हरलेला माणूस आणि सर्व विजेत्यांचा विजेता हे दोन माणूस नव्हते, एकच होता. मधे फक्त कोणीतरी म्हणाले, ‘पुन्हा या.’

आपल्याकडे हे कोणी म्हणत नाही. आपला ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 सालच्या जुलैत सुरू झाला तेव्हा मी महाविद्यालयात होतो. त्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे हा मराठी मुलगा पहिला करोडपती झाला, आणि आमच्या वसतिगृहात जणू आम्हीच एक-एक कोटी मिळवले अशा थाटात रात्री चहा झाला. तोही तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. पुढे 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाई, एक कोटी जिंकल्या. विदर्भात त्या रात्री किती घरांत डोळे पुसले गेले असतील! आमच्या भागापुरते सांगायचे तर 2018 साली भामरागडजवळच्या हेमलकशाहून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे त्या खुर्चीवर बसले होते. 1973 सालापासून लोक बिरादरी प्रकल्पात माडिया लोकांची सेवा करणाऱ्या माणसांना बच्चनसाहेबांनी प्रश्न विचारावेत आणि त्यांनी अंगावरच्या साध्या कपड्यांत शांतपणे उत्तरे द्यावीत, हे दृश्य पाहून आमच्याकडची म्हातारी माणसेही दूरदर्शन संचापुढे सावरून बसली होती.

पण हा खेळ शिडीचा आहे. एकेक पायरी चढायची आणि जमेल तिथे थांबून उतरायचे. प्रतिस्पर्धी कोणी नाही. प्रतिस्पर्धी आपले अज्ञान. शिडी चढलेल्या माणसाला पुन्हा शिडी चढायला कोण सांगणार? अमेरिकेतला तो खेळ आखाड्याचा आहे, आणि आखाडा म्हटला की ‘पुन्हा’ आलेच.

आखाडा आपल्याला अनोळखी नाही. 1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा होते. गदा जिंकलेल्या पैलवानाने दुसऱ्या वर्षी घरी बसावे असे कोणी म्हणत नाही; उलट न आला तर लोक कुजबुजतात. नरसिंग यादवने 2011 पासून तीन वर्षे आणि त्याच्यामागून विजय चौधरीने तीन वर्षे ओळीने गदा नेली, तेव्हाच लोकांनी मान डोलावली. पहिली गदा ताकदीची, दुसरी आणि तिसरी छातीची.

आणि आमच्या झाडीपट्टीत तर पुन्हा येण्याशिवाय मोठेपणच नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात आले, की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटके सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. वडसा म्हणजे या नाटकमंडळ्यांची राजधानी. तंबूत, थंडीत, शेकडो माणसे शाली पांघरून रात्रभर बसतात. गेल्या वर्षी ज्या नटाने रडवले तोच यंदा पुन्हा येतो, आणि बसलेल्यांना गेल्या वर्षीचे सगळे आठवत असते! मुंबईच्या नटाला दर रात्री नवा प्रेक्षक मिळतो. आमच्या नटाला तोच प्रेक्षक, तेच गाव, तोच तंबू. तो गाजवून जातो तेव्हा लोक म्हणतात, ‘पुढच्या वर्षी पाहू.’ याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्या सन्मानामागे अशी किती ‘पुढची वर्षे’ असतील याचा हिशेब करून पाहावा. शंकरपटाचेही तेच. 2014 साली न्यायालयाच्या बंदीने पट थांबले. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली. पुन्हा पट भरले तेव्हा म्हातारे शेतकरी, बंदीआधी कोणाची जोडी जिंकली होती हे बैलांच्या नावानिशी सांगत होते. बैल तरी आता कुठले राहिले असणार! पण कीर्ती राहिली होती, आणि त्या मालकाच्या नव्या जोडीकडे सगळ्यांचे डोळे होते.

मी हा विचार एकदा घरी बोलून दाखवला. सौभाग्यवती अनारशांचे पीठ मळत होत्या. म्हणाल्या, “अहो, त्यात अमेरिकेचे काय कौतुक? गेल्या दिवाळीत माझ्या अनारशांना काय जाळी पडली होती! सगळ्या आळीने नावाजले. म्हणून यंदा सुटका झाली का माझी? उलट सगळे ताट पुढे करून बसणार. आणि एखादा जरी तुपात हसला, तरी म्हणणार, या वेळी काहीतरी बिघडले हं!” ज्या गृहिणींनी अनारसा तुपात हसताना पाहिला असेल, त्यांना विजेत्यांची स्पर्धा म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज नाही.

तर या सगळ्याचा परिणाम म्हणून, गेल्या जानेवारीत आम्ही आमच्या महाविद्यालयात एक विजेत्यांची स्पर्धा घेतली. चंद्रपूरहून मूल, सावली करीत वैनगंगेच्या पुलाकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या आसपासचे आमचे लहानसे महाविद्यालय. 2008 पासून दर वर्षी आमच्याकडे तालुक्याची प्रश्नमंजूषा होते. करोनाची दोन वर्षे तेवढी चुकली. कार्यालयाबाहेर एक लाकडी फलक आहे, त्यावर विजेत्याचे नाव पांढऱ्या रंगाने लिहितात. मी मोजली, नेमकी पंधरा नावे. अमेरिकेतल्यासारखीच!

पंधरांपैकी अकरांचा पत्ता लागला. मी एकेकाला दूरध्वनी केले. मला वाटले होते, सगळे आनंदाने उड्या मारीत येतील. एक जण पुण्याला कंपनीत. त्याला रजा नव्हती. एक जण बरा सरकारी हुद्दा मिळवून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला. तो फार प्रेमाने बोलला, आणि शेवटी म्हणाला, “सर, खरं सांगू का? जिंकलो तर कोणी विचारणार नाही. हरलो तर ऑफिसात सगळ्यांना कळेल.” मला त्याचा राग आला नाही, त्याने जावईबापूंच्या पोटदुखीचे खरे नाव सांगितले होते. एका मुलीच्या घरी तिच्या सासऱ्यांनी दूरध्वनी घेतला. फलकावरचे तिचे माहेरचे नाव सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते आता संपलं जी सर.” आणि फोन ठेवला.

शेवटी सहा जण आले. एक एस.टी.चे वाहक, एक जिल्हा परिषदेचे शिक्षक, एक किराणा दुकानदार, आमच्याच महाविद्यालयातला विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी जो 2024 चा विजेता होता. 2011 साली जिंकलेली एक मुलगी, जी आता धानोरा तालुक्यातल्या एका गावात आशाताई आहे. आणि 2016 साली जिंकलेला एक तरुण, जो तेव्हापासून सरकारी परीक्षा देतो आहे.

या तरुणाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या दोन्ही जिल्ह्यांत त्याच्यासारखी शेकड्यांनी मुले आहेत. सकाळी मैदानावर धावायचे, दुपारी वाचनालयात बसायचे, तलाठी, वनरक्षक, पोलीस, लोकसेवा आयोग, जी जाहिरात निघेल तो अर्ज भरायचा. नागपूरला परीक्षा देऊन परत आले, की गावच्या फाट्यावर उतरता उतरता पहिला प्रश्न येतो, ‘का रे, काय झालं तुझं?’ दर वेळी एक-दोन गुणांनी जाते. तोही पुन्हा पुन्हा परत येतो. पण त्याच्या परत येण्याला कोणी स्पर्धा म्हणत नाही. फलकावरचे ते पांढऱ्या रंगातले नाव हा त्याचा एकमेव विजय. तो पणाला लावून तो आला होता. आल्या आल्या फलकापाशी उभा राहून आपले नाव वाचत होता, ते मी लांबून पाहिले आणि मुद्दाम जवळ गेलो नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या परिचरभाऊंनी दारावरच्या घंटीची तीन बटणे आणि तीन दिवे जोडून यंत्र तयार केले होते. नियम मी अमेरिकेपेक्षा कडक ठेवला: प्रश्न पूर्ण होण्याआधी बटण दाबले, तर अर्ध्या प्रश्नावरच उत्तर द्यायचे, चुकले तर पूर्ण प्रश्न इतरांना. अंतिम फेरीला आशाताई, हा तरुण आणि विज्ञानाचा विद्यार्थी असे तिघे उरले. विद्यार्थी लवकर मागे पडला. उरलेल्या दोघांत पारडे कधी इकडे, कधी तिकडे. तरुणाची बोटे म्हणजे वीज होती. प्रश्नाचे दोन शब्द ऐकताच दिवा पेटायचा, आणि उत्तर बहुधा बरोबर असायचे. आठ वर्षांची तयारी होती ती! आशाताई मात्र प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकायच्या. गरोदर बाईचे सगळे बोलणे संपल्याशिवाय औषध सांगायचे नाही, ही त्यांच्या रोजच्या कामाची सवय असावी.

शेवटच्या प्रश्नाला दोघांचे गुण सारखे होते. सभागृहात पोरे बाकांवर उभी राहिली. मी वाचू लागलो, “1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाच्या…” आणि तरुणाचा दिवा पेटला. सभागृह स्तब्ध. तो म्हणाला, “व्याघ्र प्रकल्प, 1995.” माहिती अचूक होती, पण प्रश्न तो नव्हता. मी पूर्ण प्रश्न वाचला: “ताडोबाच्या नावाला पुढे अंधारी हे नाव जोडले गेले, ते कशावरून?” आशाताईंनी आपला दिवा सावकाश लावला आणि म्हणाल्या, “अंधारी नदीवरून जी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आशाताईंना दोन हजार रुपये आणि शब्दकोश मिळाला. त्यांच्याबरोबर आलेली सासू तो शब्दकोश कडेवर मूल घ्यावे तसा घेऊन मंडपात फिरली. मी त्या तरुणाला शोधीत होतो. तो पळून गेला नव्हता. परिचरभाऊंना तारा गुंडाळायला मदत करीत होता. मला पाहून हसला, आणि म्हणाला, “सर, प्रश्न पुरा ऐकायला पाहिजे होता.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, “सर, पुढच्या वर्षी हरलेल्यांनाही बोलवाल का?”

मला त्या मागच्या दाराची आठवण झाली. अमेरिकेत ते उघडायला लेखकांचा संप व्हावा लागला. आमच्याकडे संप कशाला हवा? येत्या जानेवारीत, धानाची मळणी आटोपली की, आम्ही पुन्हा स्पर्धा घेणार आहोत, आणि या वेळी उपविजेत्यांनाही बोलावणार आहोत. अडचण एकच आहे. उपविजेत्यांची नावे फलकावर नाहीत. ती कुठेच लिहिलेली नाहीत. जुने अहवाल काढले तर त्यांतही प्रथम क्रमांक तेवढाच. पण परिचरभाऊंना काही आठवतात. “2013 साली तो सायकलने येणारा होता सर, एका गुणाने गेला होता. आणि 2017 ला ती उंच मुलगी, शेवटपर्यंत रडली नव्हती, फाटकाबाहेर गेल्यावर रडली.” अशी एकेक करून सात नावे जमली आहेत. आठव्यासाठी त्या वर्षीच्या हजेरीपटाची धूळ झाडणे चालू आहे.

त्या मुलीलाही पुन्हा बोलावणे धाडले आहे, जिच्या सासऱ्यांनी फोन ठेवला होता. या वेळी फोन नाही. पोस्टाने, पाकिटावर तिचेच नाव घालून. त्या गावचा पोस्टमन आमचा माजी विद्यार्थी आहे. पत्र तिच्या हातातच द्यायचे, असे त्याला बजावून ठेवले आहे.